देवीच्या ओटीत गेलेला कागद

देवीची ओटी भरायला नेलेल्या खणाच्या घडीत मी माझ्या मुलाखतीचा कागद ठेवला, आणि खणाबरोबर तोही देवीला वाहून मोकळी झाले. असा मूर्खपणा आमच्या अकोले तालुक्यात दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. नातवंडांना सांगते तेव्हा ती विचारतात, "आजी, तू तेव्हा खरंच शिकलेली होतीस का?" होते ना. डी.एड. झाले होते. असलं काही सुचायला शिकलेलंच असावं लागतं. अडाणी बाईने कागद सरळ पिशवीत टाकला असता.

गोष्ट मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षातली, माघातली. लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते. माझं माहेर नगर शहरात, सासर डोंगराच्या पायथ्याशी. नवरा राहुरीला नोकरीत, महिन्यातून एकदा यायचा. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी. शिवाय दोन म्हशी, ज्यांचं माझ्याविषयी फारसं चांगलं मत नव्हतं.

शिक्षिकेच्या जागेसाठी मी गुपचूप अर्ज केला होता. त्याचा कॉल आला तो पोस्टमनने दारात उभं राहून मोठ्याने वाचला, म्हणून गुपित संपलं. परवा सकाळी दहाला नगरला मुलाखत. सोबत हा कागद आणावा. आत्याबाई म्हशीला पेंड घालत होत्या. म्हणाल्या, "एवढ्या लांब बाईमान्सानं जायाचं?" रात्री जेवताना म्हणाल्या, "जा. पन आधी देवीची वटी भर. नव्या सुनंनं घळीतल्या देवीला गेल्याबिगर मोठ्या कामाला गाव सोडायचं नसतं."

मला वाटलं, हा डाव आहे. म्हणे देवी. परवाची मुलाखत, म्हणजे उद्या दुपारी एकची एस.टी. फाट्यावर पकडायलाच हवी, आणि उद्याच सकाळी घळीत जायचं? आणि कागदाचं काय? आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. घरात सापडेल तो कागद त्या चूल पेटवायला घेत किंवा डब्याच्या तळाशी घालत. नवऱ्याचं लग्नाआधीचं एक पत्र मी स्वतः मिरचीच्या डब्यातून काढलं होतं. हा कॉल रात्री घरात कुठेही ठेवला तर सकाळपर्यंत त्याची राख झालेली असणार, आणि वर "मला काय ठावं" असं ऐकावं लागणार, याची मला खात्री होती. त्या वयात मला बऱ्याच गोष्टींची खात्री असायची.

म्हणून कागद रात्रीच लपवायचा, आणि घळीतून परस्पर फाट्यावर जायचं तर बरोबरही न्यायचा. चोळीत ठेवला तर घामाने भिजेल, पिशवीत टाकला तर ओढ्यात भिजेल. शेवटी ओटीसाठी आणलेला हिरवा खण उलगडला, कागद आत ठेवला आणि चोळीचं ते कापड पुन्हा चौकोनी घडी घालून वरून दोऱ्याने बांधलं. देवळात पोचलं की हळूच काढून घ्यायचा, असा बेत. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होते की रात्री झोप लागली नाही.

घळ म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्याने कातळ कापून केलेली फट. दोन्ही बाजूला तीन-चार माडी उंच कडे, मधून पाणी, आणि पाण्याच्या कडेकडेने वाट. अंतर अर्धा कोससुद्धा नाही. गावात कुणालाही विचारा, "हे काय, इथंच" म्हणायचे. पण ती वाट सात वेळा ओढा ओलांडते, आणि घळीच्या तोंडाशी चपला काढून ठेवायच्या, कारण पुढचं सगळं देवीचं. माझे पाय नगरच्या फरशीवर वाढलेले. अंगात नायलॉनची गोल साडी, लग्नातली, फुलाफुलांची. परस्पर एस.टी. पकडायची म्हणून चांगली नेसले होते. आत्याबाईंनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नऊवारीचा काष्टा घट्ट केला.

"सूनबाई, ही साडी पान्यात काय करंल?"

"काही नाही होत. लगेच वाळते."

वाळते खरी. पण आधी भिजते. पहिल्याच ओलांडणीला ती पायांना अशी चिकटली की मला पाऊल टाकता येईना, आणि दुसऱ्या ओलांडणीला मागे फुगून पाण्यावर तरंगायला लागली. माघातलं पाणी, बर्फासारखं. शेवाळलेले दगड. आत्याबाई पन्नाशीच्या, डोक्यावर ओटीची परडी, हात मोकळे, अंगणात चालावं तशा पुढे. मी मागे एका हाताने साडी, एका हाताने कडा धरून. चौथ्या ओलांडणीला बसकण मारली, कंबरेपर्यंत. मोठ्याने ओरडणार तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि वर दाखवलं. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ लटकत होतं, सुपाएवढं. माश्या चवताळल्या तर घळीत पळायला जागा नाही. म्हणून मी कंबरभर पाण्यात बसून, दात आवळून, गप्प रागावले. तसं रागावणं फार कठीण असतं, कुणी कधी करून पाहावं.

देवी म्हणजे घळीच्या टोकाला, झऱ्याजवळ, शेंदूर लावलेला गुडघ्याएवढा दगड. वर ना छप्पर ना कळस. वरच्या वाडीतली एक म्हातारी रोज सकाळी येऊन पूजा करायची आणि दुपारी ओटीतलं सामान घेऊन वर जायची. ती आत्याबाईंना ओळखत होती. दोघी पावसापाण्याचं बोलायला लागल्या. मी परडीकडे सरकले. खणाला हात घालणार एवढ्यात आत्याबाईंनी परडी उचलली, नारळ, खण, हळकुंड, सुपारी देवीपुढे ठेवलं, ओंजळीने पाच वेळा गहू घातले आणि म्हणाल्या, "हं, कुंकू लाव. नमस्कार कर."

आता बोलायचं, की नाही? एक वाक्य पुरलं असतं. "आत्याबाई, खणात माझा कागद आहे." पण मग त्या विचारणार, कागद खणात कशाला? आणि मी काय सांगणार, तुम्ही जाळाल म्हणून? मी कुंकू लावलं, नमस्कार केला, आणि देवीकडे काय मागायचं तेही विसरले.

उतरताना रडू येत होतं, पण रडायलाही पाय रिकामे नव्हते. खडा टोचला की कळवळायचं, निसटलं की सावरायचं. कागदाशिवाय गेले तर दारातूनच परत पाठवतील. एक वर्ष फुकट. त्यातही तिडीक ही, की कागद हरवला नव्हता, जळला नव्हता, चांगला कोरडाठाक होता, आणि कुठे आहे हे मला नेमकं माहीत होतं. तिसऱ्या ओलांडणीवर मी खाली वाकले, पायातलं जोडवं काढून कमरेला खोचलं आणि म्हणाले, "आत्याबाई, माझं जोडवं पडलं."

"कुठं?"

"वर. देवीजवळच पडलं असेल."

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. "सवाष्णीचं जोडवं. सोडून जाता याचं न्हाई. चल, मी बी येते."

"नको, तुम्ही दमाल. मी पळत जाते नि येते."

"पळत?" त्या म्हणाल्या, आणि एका धोंड्यावर बसल्या. "जा."

पळत कुठली. पुन्हा त्या ओलांडण्या, पुन्हा ती साडी. पोचले तेव्हा म्हातारी ओटीतलं सामान एका फडक्यात बांधत होती. मी धापा टाकत म्हणाले, "मावशी, तो हिरवा खण मला द्या. चुकून आला. दुसरा आणून देते."

"वटीतला खन?" म्हातारीने गाठ मारली. "देवीला घातलेलं कुनी परत मागतं का बाई?"

"तो माहेरचा आहे." काहीच्या काही. माहेरचा नव्हता, अकोल्याच्या बाजारातला होता.

"मग तर देवीला लई आवडला आसंल."

मी विनवण्या केल्या. शेवटी ती म्हणाली, "मी देनारी कोन? तिला इचारू. कौल लावू." तिने तांदळाचे दोन दाणे ओले केले आणि देवीच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवला. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. आणि आम्ही दोघी बसलो.

दाणे पडेनात. ऊन कड्यावरून सरकत खाली आलं, म्हणजे अकरा वाजून गेले असणार. घड्याळ माझ्याकडे नव्हतं, आणि असतं तर मी ते ओढ्यात फेकलं असतं. म्हातारी तंबाखू मळत होती. मी देवीच्या उजव्या खांद्याकडे इतकी रोखून बघत होते की डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी मला खोकला आला. म्हणजे आणला. उजव्या बाजूला तोंड करून, चांगला जोराचा. दोन्ही दाणे एकदम उडाले.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. "पडसं झालंय वाटतं."

"पाण्यात भिजले ना."

"व्हय. पुन्यांदा लावते. आता जरा लांब बस."

दुसऱ्या खेपेला तिने दाणे असे दाबले की भूकंप झाला असता तरी पडले नसते. मी लांब बसून मनात सगळ्यांना शिव्या दिल्या. सासूला, देवीला, डी.एड.च्या बाईंना, नायलॉन काढणाऱ्याला. स्वतःला दिली नाही. ते सुचायला अजून वीस वर्षं लागायची होती.

मग पाण्यात पावलं वाजली. आत्याबाई. काष्टा कोरडा, कपाळावर घामसुद्धा नाही. त्यांनी देवीच्या खांद्यांवरचे दाणे पाहिले, म्हातारीचं गाठोडं पाहिलं, मला पाहिलं.

"घावलं का जोडवं?"

"नाही अजून."

"बरं." त्या म्हातारीजवळ टेकल्या. "मावशे, एक इसरलंच बघ. पोर पहिल्यांदा आलीया, तिची वटी कोन भरनार? देवीनं सुनंला रिकामी धाडू नये."

म्हातारी हसली. गाठोडं सोडलं. तोच हिरवा खण, त्यावर मूठभर गहू आणि एक हळकुंड, माझ्या भिजलेल्या पदरात घातलं. देवीचं देवीने दिलं, त्यात परत मागणं कुठे आलं? मी खण दोन्ही हातांनी छातीशी धरला. घडी तशीच होती. आत कागद तसाच होता.

"आता जोडवं बी घावंल," आत्याबाई म्हणाल्या, आणि उतरायला लागल्या.

मला वाटलं, केवढा हा योगायोग. केवढी देवीची कृपा, आणि केवढ्या भोळ्या या सासूबाई. खाली आल्यावर मी वाळूत वाकून जोडवं 'शोधून' काढलं आणि त्यांना दाखवलंसुद्धा. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या.

फाट्यावर पोचलो तेव्हा एस.टी. गेलेली. फक्त धूळ दिसली. मी रस्त्याच्या कडेला मटकन बसले. आत्याबाईंनी हिरड्याची पोती भरलेला एक ट्रक हात करून थांबवला, ड्रायव्हरला गाव विचारलं, त्याच्या गावातली स्वतःची एक चुलत नणंद आठवून काढली आणि मला केबिनमध्ये बसवलं. संगमनेरहून एस.टी. मिळाली. तिन्हीसांजेला माहेरी पोचले. आईने दार उघडून विचारलं, "तू पोहत आलीस का?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत बाकावर पंचवीस-तीस बायका. प्रत्येकीच्या हातात तो कागद. माझा खणासकट. कारकुनाने यादी वाचली, नाव आलं की हजर म्हणायचं, आत जायचं. आत तीन माणसं बसली होती. पाढे विचारले, एक कविता म्हणायला लावली, डोंगरातल्या शाळेत जाल का म्हणाले. मी कागद पुढे केला. "राहू द्या, राहू द्या," असं म्हणून त्यांनी तो माझ्याकडेच परत सरकवला. उघडलासुद्धा नाही.

नोकरी पुढे लागली. दीड महिन्याने हुकूम आला, आणि मी खरोखरच डोंगरातल्या शाळेत गेले. पण मुलाखतीनंतर तिसऱ्या दिवशी सासरी परतले ती पेटलेलीच. पायाला सात ठिकाणी चिरा, नायलॉनची साडी कायमची गेलेली, आणि सगळं कशासाठी, तर कुणी न बघितलेल्या कागदासाठी. आत्याबाई गोठ्यात धार काढत होत्या. मी दारातच उभी राहून म्हणाले, "आत्याबाई, त्यांनी तो कागद बघितलासुद्धा नाही." आणि म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या कागदाचा हा विषय मी त्यांच्यापुढे पहिल्यांदाच काढतेय.

त्यांनी चरवीवरची नजर उचलली नाही. धार तशीच चालू ठेवून म्हणाल्या, "खन देवीपुढं ठिवतानाच माझ्या हाताला कागद लागला हुता. तू मागितला आसतास तर तितंच काढून दिला आसता. पन म्हटलं, जी सासूजवळ तोंड उघडत न्हाई, ती साळंत पोरान्ला काय शिकवनार, ते तरी बघू."