तरसालीची म्हैस

बडोद्याला उतरले तेव्हा कुमुदताईंचा पत्ता माझ्या हातात होता, पण त्याची गरजच पडली नाही. "तरसाली? वेल्डिंगवाळां बेन?" (वेल्डिंगवाल्या बाई?) असं म्हणून रिक्षावाल्याने रिक्षा पळवलीसुद्धा.

कुमुदताई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. मकरपुऱ्याच्या कारखान्यांतलं भंगार जोडून त्या शिल्पं करतात. सत्तराव्या वर्षी त्यांचं पहिलं प्रदर्शन भरणार होतं. त्यावर लिहायला मी साताऱ्याहून आले होते.

पोचले तर गल्लीत टेम्पो उभा, अंगणात भलीमोठी लोखंडी म्हैस उभी, आणि मधे हुज्जत. फाटकातून निघताना म्हशीची शिंगं अडत होती.

"बेन, शिंगडां कापी नाखो ने," टेम्पोवाला म्हणाला. (शिंगं कापून टाका ना.) "तिथे परत चिकटवा."

"तुझे कान कापते. तिथे चिकटवू," ताई म्हणाल्या.

त्यांचे यजमान, भास्करकाका, कुरकुरले, "तेव्हाच म्हटलं होतं, आधी फाटक मापून घे."

"आयुष्यभर मापूनच केलं हो," ताईंचा आवाज एकदम उतरला. "कपाटावर मावेल, कुणाची अडचण होणार नाही, एवढंच. ही एकच मनासारखी केली."

काका तडक आत गेले. रागावले बहुतेक. शेजारच्या वहिनींनी तेवढ्यात माझ्या हातात सेवउसळीची बशी दिली. पहिल्याच घासाला मला ठसका लागला, आणि डोळे पुसून बघते तर काका फाटकालगतच्या भिंतीशी पहार घेऊन उभे!

"सरका. भिंत माझ्या वडिलांनी बांधलीय, पहिला घाव माझा."

घाव बसला. पहार उसळली, भिंत हलली नाही. वडिलांचं काम पक्कं होतं. मग टेम्पोवाला पुढे झाला, शेजारी आले, आणि बशी ठेवून मीही विटा उचलायला लागले.

तासाभराने पाइपांवरून सरकत म्हैस बाहेर निघाली. ताई तिच्या पाठीवर हात ठेवून चालत होत्या. टेम्पोमागे अडकलेल्या कंपनीच्या बसमधून एक कामगार ओरडला, "आ तो अमारा मशीननुं गियर!" (हा तर आमच्या मशीनचा गिअर!) म्हशीच्या गुडघ्याकडे बोट दाखवत तो सगळ्यांना सांगत सुटला.

दुसऱ्या दिवशी निघताना मी विचारलं, "भिंत कधी बांधणार?"

"इतक्यात नको," काका म्हणाले. "आता हत्तीण करायची म्हणतेय."

परतीच्या गाडीत तळहातावरचे फोड बघत बसले होते. सत्तरीच्या बाईला मोठं काही करावंसं वाटलं, की घराला तेवढी जागा करून द्यावी लागते. त्या घराने दिली. उशिरा का होईना, दिली.