रिसोडचा बँड आणि मंदाताईंनी बदललेली ओळ

एका गाण्यासाठी वाशिम जिल्ह्यात जाऊन येते म्हटल्यावर नवऱ्यानं विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे ना?" नव्हतंच. कॉलेजात असल्यापासून मी एका जुन्या हेवी मेटल गाण्याच्या नादी लागलेय. गाणं युद्धाविरुद्धचं आहे. त्यातल्या शिपायाला कळतं की समोरच्या खंदकातल्या माणसालाही आपल्यासारखीच भूक लागते आणि दोघांच्याही आया दाराशी रडत बसल्यात. या गाण्याची एकतीस कव्हरं माझ्याकडे आहेत. कुणी ते सतारीवर वाजवलंय, तर एका बाईनं चक्क अंगाईसारखं गायलंय. बत्तिसावं मामेभावानं पाठवलं, तेही जेमतेम वीस सेकंदांचं: रिसोडचा एक लग्नाचा बँड त्याची तालीम करतोय! मग काय, भरली बॅग.

नागपूरहून सकाळची एसटी पकडा आणि तिकीट काढताना 'वाशिमचं मालेगाव' असं स्पष्ट सांगा, नाहीतर कंडक्टर नाशिकची आठवण काढून हसतो. बायकांना अर्धं तिकीट. मालेगावहून शिरपूरला गेले. जैन मंदिराजवळच्या धर्मशाळेत खोली स्वस्त आणि स्वच्छ मिळाली. जेवण मात्र सूर्य मावळायच्या आत उरकतात. मी फोटो काढत बसले आणि बिस्किटांवर भागवलं. तुम्ही तसं करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिसोडला पोचले. सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत बँडचं दुकान सापडलं. रफिकभाई हे बँडमास्तर, साठीचे, क्लॅरिनेट वाजवणारे. त्यांनी लगेच सगळं गाणं वाजवून दाखवलं. गिटारचा गोंगाट कॅसिओवर, मधला सोलो क्लॅरिनेटवर, खाली ताशा. ऐकून आधी हसू आलं आणि मग माझा पारा चढला, कारण त्यांनी ते दुप्पट वेगात नेलं होतं. शब्द माहीत आहेत का, असं मी जरा खवचटपणेच विचारलं.

"शब्द कायले पाह्यजेत म्याडम? आमी मोबाईलवर चाल आयकतो अन् बसवतो. जोश आहे ना त्याच्यात."

वरात असो की मिरवणूक, लोकांना नाचवायचं हेच त्यांचं काम, म्हणून कुठलीही चाल आली की आधी वेग वाढवायचा. ही फर्माईश किन्हीराजा गावच्या कोमलची होती. ती फौजेत भरती झाली होती आणि गाव दुपारी तिची मिरवणूक काढणार होतं. युद्ध नको म्हणणारं गाणं फौजेत निघालेल्या पोरीसमोर नाचायला! मला राहवेना. बँडच्या टेम्पोत, ढोलाशेजारी बसून मीही निघाले.

किन्हीराजात उघड्या जीपमध्ये फेटा बांधलेली कोमल उभी होती, गुलालानं माखलेली. पहाटे रस्त्यावर धावायचा सराव करताना ती हेच गाणं कानात घालायची, असं तिच्या मैत्रिणींनी सांगितलं. बँडनं ते सुरू केलं आणि अख्खा रस्ता नाचायला लागला. माझ्या बाजूला एक बाई चालत होत्या, न नाचता. त्या कोमलची आई, मंदाताई.

"ताई, तुमाले इंग्रजी येते. हे गाणं काय म्हनते? पोरगी मले सांगत नाई."

मी खोटं बोलले. म्हटलं, देशासाठी लढायचं म्हणतंय.

मंदाताईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग हे सांगाले तिले काय झालतं?"

लाज वाटली. मग चालता चालता खरं सांगून टाकलं, खंदक, भूक, रडणाऱ्या आया, सगळं. त्या तरातरा पुढे गेल्या आणि रफिकभाईंसमोर हात वर केला. बँड थांबला. मेले, म्हटलं, पोरीच्या आयुष्यातला मोठा दिवस मी नासवला.

"मास्तर, हे नाचाचं गानं नाई," मंदाताई म्हणाल्या. "सावकाश वाजवा."

रफिकभाईंनी ताशाला थांबवलं आणि एकट्या क्लॅरिनेटवर चाल धरली, हळू, जशी ती मुळात आहे. एवढी वर्षं ऐकते आहे, पण असं मी कधीच ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. कोमल जीपमधून उतरली. आईला कळलंय हे तिला कळलं होतं.

"सांगितलं असतं तर तू जाऊ देलं नसतं," ती म्हणाली.

"जाऊ देलं असतं वं. पन तू एकटीच आयकत राह्यली ना इतके दिवस."

मग दोघीही रडल्या, भर रस्त्यात.

निघताना मंदाताईंनी गाण्याचा अर्थ मराठीत लिहून मागितला. ओट्यावर बसून वहीच्या पानावर लिहून दिला, त्यांच्या घरची ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि संध्याकाळच्या एसटीनं नागपूरला परतले. त्या क्लॅरिनेटसमोर माझी बाकीची एकतीस कव्हरं फिकी पडली, हे सांगायला मला काही वाटत नाही.

तीन आठवड्यांनी मंदाताईंचा फोन आला. मी लिहिलेली एक ओळ त्यांना पसंत नव्हती, आई दाराशी रडत बसते ती. मूळ गाण्यात तसंच आहे, असं मी म्हणून पाहिलं.

"असंन. पन मी कुटं रडत बसली? वावरात तूर उभी आहे, सोंगाची आहे. तुमी ते खोडा अन् लिहा, माय म्हनते, पोटभर जेवत जाय. अन् कोमलले पाठवा. माह्या फोनमधून फक्त बोलता येते."

खोडलं. सगळं गाणं त्या नव्या ओळीसह टाईप केलं आणि पाठवलं. कोमलला ट्रेनिंगमध्ये फोन रविवारीच मिळतो. रविवारी दुपारी तिचं उत्तर आलं. शब्द एकही नव्हता, मेसमधल्या ताटाचा फोटो होता.

मी लगेच मंदाताईंना फोन लावला आणि सांगितलं की ताट रिकामं आहे.