बसथांब्यावरच्या खुर्च्या

मिनियापोलिसच्या नैऋत्येला, ईडन प्रेरीच्याही पुढे, एक लहानसं गाव आहे. ऐंशीच्या सुमाराला तिथे मराठी घरं अगदी थोडी होती, त्यामुळे आम्ही एकमेकांचे नातेवाईकच झालो होतो. गुरुदत्त वऱ्हाडपांडे मूळचे नागपूरचे, शेतीचे पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्यांची बायको वसुधा माझी मैत्रीण. पद्मिनी ही त्यांची एकुलती एक मुलगी, जन्माने इथलीच.

बालवाडीत असतानाच पद्मिनी पायऱ्यांवर अडखळायला लागली. स्नायू हळूहळू दुबळे होत जातात, त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हायस्कूलला पोचेपर्यंत ती पूर्णपणे विजेच्या व्हीलचेअरवर आली होती. गुरुदत्तरावांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि तिला स्वतःच्या हाताने रॅम्प बसवला. शाळा, लायब्ररी, आमच्याकडचा गणपती, जिथे जायचं असेल तिथे ते तिला घेऊन जात. आम्ही सगळ्या म्हणायचो, बाप असावा तर असा.

एका संध्याकाळी ती त्यांना म्हणाली, "बाबा, मला बसने जायचंय."

"कुठे? मी सोडतो ना."

"कुठे ते इम्पॉर्टंट नाही. तुम्ही न सोडता जायचंय."

गुरुदत्तरावांना ते लागलं. ते उठून गॅरेजमध्ये गेले. त्या शनिवारी माझी मुलगी उत्तरा आणि पद्मिनी दोघीच बसथांब्यावर गेल्या. बस आली, दार उघडलं, आत उंच उंच पायऱ्या. ड्रायव्हर म्हातारा, चेहऱ्याने उग्र. त्याने पायऱ्यांकडे पाहिलं, व्हीलचेअरकडे पाहिलं, "सॉरी, हनी," म्हणाला आणि दार लावून घेतलं. उत्तरा रडतच घरी आली. पद्मिनी रडली नाही. सोमवारी तिने शाळेतून बसच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की आमच्या बसने व्हीलचेअरवालं कुणी येतच नाही, त्यामुळे खुर्ची वर उचलून घेणाऱ्या लिफ्टची गरज नाही.

"म्हणजे आपण त्यांना दिसतच नाही," पद्मिनी उत्तराला म्हणाली. "मग दिसू या."

खुर्च्यांची कल्पना तिची. गावात असे किती लोक असतील, ज्यांना बसमध्ये चढता येत नाही? ते शोधायचे, त्यांच्या घरी जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, बसमध्ये चढता आलं तर तुम्ही कुठे जाल? त्या प्रत्येकासाठी एक जुनी खुर्ची रंगवायची, त्यावर त्याचं उत्तर लिहायचं आणि ती त्याच्या घराजवळच्या थांब्यावर ठेवून यायची. वर्गातली दहाबारा मुलं तयार झाली. गॅरेज सेलमधून मोडक्या खुर्च्या गोळा झाल्या आणि १९८५ चा सगळा ऑक्टोबर आमच्या बेसमेंटला रंगाचा वास येत राहिला. पद्मिनीच्या हातात ब्रश टिकत नसे. ती रंग सांगायची, आणि शब्द मात्र माणसाने उच्चारले तसेच राहिले पाहिजेत यावर अडून बसायची.

मिसेस ओल्सन नावाच्या आजींच्या निळ्या खुर्चीवर लिहिलं होतं, 'बहिणीकडे. आमचं भांडण झालंय आणि आता दोघींकडेही फार वेळ उरलेला नाही.' व्हिएतनामहून पाय गमावून आलेल्या एकाच्या खुर्चीवर होतं, 'बेसबॉलच्या मॅचला. बायकोला न विचारता.' आणि एका मुलाने सांगितलं होतं, 'कुठेही. खिडकीशी बसून.'

गुरुदत्तरावांना हे पसंत नव्हतं. "आपण बाहेरून आलेली माणसं," ते माझ्यासमोरच तिला म्हणाले. "या देशाने तुझ्यावर उपचार केले, शाळा दिली. आता रस्त्यावर खुर्च्या मांडून त्यांनाच नावं ठेवायची?"

"बाबा, मी बाहेरून नाही आले," पद्मिनी म्हणाली. "आय वॉज बॉर्न हिअर."

वसुधाने पोळी उलटली आणि गॅस बारीक केला.

गावाच्या कौन्सिलच्या माणसांनी खुर्च्या उचलून नेल्या. मुलांनी नव्या ठेवल्या. त्याही गेल्या, तशी शेजारच्या शाळेतली मुलं येऊन मिळाली. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आसपास बर्फ पडला तेव्हा ही मुलं सकाळी शाळेआधी झाडू घेऊन खुर्च्या साफ करत फिरायची. आणि मग एक गंमत झाली. तो उग्र चेहऱ्याचा ड्रायव्हर प्रत्येक खुर्चीपाशी बस थांबवायला लागला. दार उघडायचा, थोडं थांबायचा, दार लावायचा. बसला उशीर होतो म्हणून लोक कुरकुरले, तर म्हणायचा, "पॅसेंजर उभा आहे ना." त्याचं काय झालं असेल त्या शनिवारपासून, कोण जाणे. पेपरात खुर्च्यांचा फोटो आला.

आम्हा मोठ्यांना तोवर हा मुलांचा खेळच वाटत होता. लिफ्ट का बसणार नाही याची कारणं आम्हाला पाठ होती, आमच्या नवऱ्यांना तर तांत्रिक कारणंही माहीत होती. मुलांना ती माहीत नव्हती, आणि सांगितली तरी ती त्यांना कारणं वाटत नव्हती. आमच्यासाठी जग बांधून झालेलं होतं. त्यांच्यासाठी ते बेसमेंटमधल्या त्या खुर्च्यांसारखं होतं, खरवडून पुन्हा रंगवता येण्याजोगं.

जानेवारीत गावाच्या कौन्सिलची सभा झाली. एक सभ्य गृहस्थ बराच वेळ बोलले. थंडीत लिफ्ट गोठेल, वेळापत्रक कोलमडेल, आणि शेवटी बसणार कोण? मग पद्मिनीचं नाव पुकारलं. तोवर तिचा आवाजही अशक्त झाला होता आणि माइक होता उंच दांडीवर. ती बोलायला लागली, पण मागे काहीच ऐकू येईना. गुरुदत्तराव फक्त तिला सोडायला आले होते, कोट घालून दाराशीच उभे होते. ते पुढे आले, दांडीवरून माइक काढला आणि गुडघ्यावर बसून तिच्या तोंडाशी धरला.

"नदीवर पूल नसतो तेव्हा पलीकडे कुणी जात नाही," ती म्हणाली. "म्हणून पलीकडे कुणाला जायचंच नाही, असं तुम्ही म्हणाल का? माझे बाबा मला रोज सगळीकडे नेतात. माझं नशीब चांगलं आहे. पण मला नशिबावर नाही, तिकिटावर जायचंय."

महिन्याभराने निर्णय झाला. शरद ऋतूपासून एका मार्गावर लिफ्टच्या बस, प्रयोग म्हणून. वसुधाने सावर क्रीमचं श्रीखंड केलं, सगळी मुलं आली, आणि रंगाचे डाग पडलेल्या त्या हातांनी त्यांनी पुऱ्या खाल्ल्या.

मार्चमध्ये पद्मिनीला सर्दी झाली. सर्दीचा छातीत कफ झाला, कफाचा न्यूमोनिया. स्नायूंमध्ये खोकायची ताकद राहिली नव्हती. हॉस्पिटलमध्ये आठवडाभर काढून ती एका सकाळी गेली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि छपरांवरचा बर्फ वितळून टपटपत होता. गुरुदत्तरावांना नर्सने खुर्ची दिली तरी ते बसले नाहीत.

आठवड्याने उत्तरा आणि दोन मुलं वसुधाकडे गेली. मी बरोबर होते. त्यांना पद्मिनीची खुर्ची करायची होती. उत्तराने भीत भीत विचारलं, "मावशी, ती कुठे गेली असती? आम्ही सगळ्यांना विचारलं, तिला विचारायचं राहिलं."

"लायब्ररी… नाही, तिथे हे न्यायचेच," वसुधा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सुमित्रा, मला माहीत नाही गं. माझ्या मुलीला कुठे जायचं होतं, मला माहीत नाही." ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून अशी रडली की मुलं हळूच बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसली. ती खुर्ची त्यांनी कोरीच ठेवली, नुसती पिवळी रंगवली.

सप्टेंबरात नवी बस आली. गुरुदत्तराव ऑफिसला निघून गेले, बघायला येणार नाही म्हणाले. वसुधा आणि मी मात्र थांब्यावर गेलो. कुठलाही समारंभ नव्हता. व्हीलचेअरवर एक मध्यमवयीन माणूस तिथे आधीच होता. दुसऱ्या गावाहून नुकताच राहायला आलेला, पद्मिनी कोण, खुर्च्या कसल्या, त्याला कशाचाच पत्ता नव्हता. तो सारखा घड्याळ बघत होता.

"या बसचं नेहमी असंच असतं का?" तो आमच्याकडे बघून वैतागून म्हणाला. "उशीर, उशीर! माणसाने कामाला जायचं कसं?"

वसुधा त्याच्याकडे बघतच राहिली. बस आली, लिफ्ट घरघरत खाली उतरली, तो आभार वगैरे न मानता वर गेला, आणि दार लागलं.

"चिडला होता," वसुधा म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती. "किती चिडला होता, नाही? इतरांसारखाच."

आम्ही चालत घरी आलो. वाटेत ती तेच पुन्हा पुन्हा म्हणत होती.