मांडवाखालचा पर्जन्यमापक

आमच्या पीकविम्यात शेत बघायला कोणी जात नाही. गावातल्या पर्जन्यमापकाने ठरलेल्या मर्यादेपलीकडे पाऊस नोंदवला, की भरपाई आपोआप मिळते. वशिला नाही, वाद नाही. कोलकात्याला बदली झाल्यावर ही पद्धत मला फारच पटली. माणसांशी बोलावं लागत नसे. तिथल्या बालीगंज भागातल्या फ्लॅटमध्ये तरी मी कोणाशी बोलत होतो?

कोलकात्याच्या दक्षिणेकडच्या एका गावात, शाळेच्या अंगणात आम्ही असा पर्जन्यमापक बसवला. उद्घाटनाला मोठे पाहुणे, म्हणून मांडव. मांडवाच्या बाबतीत बंगाली माणूस हात आखडता घेत नाही: कमान, झालरी, वरून ताडपत्री. भाषणांत हवामानबदल इतक्यांदा आला की हवामानालाच संकोच वाटावा. पुढे गावची पूजा होती, म्हणून मांडव तसाच ठेवला. यंत्र बरोबर मधोमध, गळ्यात झेंडूची माळ.

त्याच आठवड्यात पावसाने झोडपलं. आमचा विमा घेतलेल्या एका बाईंची नुकतीच लावलेली भाताची रोपं कुजली. भरपाई वेळेवर आली तरच नवी रोपं घेऊन हंगाम साधणार होता. यंत्रात नोंद जवळपास कोरडी.

“दादा, तुमचं यंत्र छत्री घेऊन बसलं होतं,” त्या फोनवर म्हणाल्या.

शेजारच्या गावाची नोंद धरावी, असं मी बैठकीत सुचवलं. “प्रत्येक वेळी असं करायचं तर यंत्र कशाला बसवलं?” साहेबांनी विचारलं. बाकीचे बिस्किटांकडे बघत राहिले. भरपाई नामंजूर झाली.

हे फोनवर सांगवेना. लोकलने गेलो, बांधावरून चालत शेत गाठलं आणि बाईंना निकाल सांगितला.

“म्हणजे पाऊस पडलाच नाही?”

“आमच्या नोंदीत नाही.”

“मग तुमचे बूट कशाने भरले?” आणि त्या मोठ्याने हसल्या. मीही हसलो. कोणाबरोबर हसून बरेच दिवस झाले होते.

मग त्यांनी हात धुतले. यंदा शेत पडीकच राहणार होतं. गावातल्या कितीतरी बायका पहाटेच्या गाडीने शहरात घरकामाला जात. आता या बाईही जाणार होत्या.

“तुम्ही बालीगंजलाच ना, दादा? तुमच्या इमारतीत कोणाला बाई हवी असेल तर विचाराल?”

“विचारतो,” म्हणालो.

परतताना कोणाची बेल वाजवावी हेच ठरेना. समोरच्या दाराआड कोण राहतं, तेही मला माहीत नव्हतं.