राजवाड्यातला मुखवटा

खात्यातून बाहेर पडून आता बराच काळ झाला, पण राजवाड्यातल्या त्या चोरीचा तपास अजून मनातून गेलेला नाही. तेव्हा मी अंबड तालुक्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. आमच्या हद्दीतला एक जुना राजवाडा वारसांनी कंपनीला चालवायला दिला होता आणि तिथं महागडं हॉटेल सुरू झालं होतं. दरबारात जेवणाची टेबलं आली, घोड्यांच्या पागेत स्विमिंग पूल झाला. राजघराण्यातल्या वयोवृद्ध आईसाहेब तेवढ्या मागच्या दोन खोल्यांत राहत. देवघर पाहुण्यांना दाखवायला जसंच्या तसं ठेवलं होतं.

नवरात्र बसलं त्याच सकाळी देवघरातला देवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला. करारानुसार राजवाड्यातली प्रत्येक वस्तू हॉटेलच्या ताब्यात होती, म्हणून फिर्याद मॅनेजरांनी दिली. आम्ही जागेचा पंचनामा केला. कुलूप शाबूत होतं. देवाच्या खोलीत कॅमेरा नको, असं आईसाहेबांनीच पूर्वी सांगितलं होतं. एक किल्ली मॅनेजरांकडे आणि दुसरी देवघर झाडून फुलं वाहणाऱ्या मावशींकडे.

आईसाहेबांचा जबाब मी त्यांच्या दारातच घेतला. त्यांनी आत बोलावलं नाही.

"हॉटेलवाल्यांना विचारा. आमचं आता इथं काय आहे?" एवढंच बोलल्या आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "त्या फुलंवालीला म्या डोळ्यानं पाह्यलं. राजवाड्याच्या मागल्या दारापाशी होती, डोक्यावर पाटी, वरून फडकं झाकेल. जल्दी जा, न्हाईतर चांदी आटवून टाकतीन."

पंच घेऊन आम्ही मावशींच्या वस्तीवर गेलो. झडती चालू असताना त्यांचे यजमान खाटेवरून उठले नाहीत.

"बराबर बघा, मॅडम. पाव्हण्यांच्या पेट्या उघडल्या का, का आमचीच कोठी दिसली?"

मुखवटा मिळाला नाही. कोनाड्यात खंडोबाचे टाक होते, भंडारा होता. नवरात्र असून काही मांडलेलं दिसलं नाही, म्हणून मी विचारलं, "घट नाही बसवले?"

"आमच्यात बसत न्हाईत. आमच्या देवाला बकरं लागतं," ते म्हणाले आणि हसले.

भिंतीशी पाटी उपडी होती. आतून तिला काळी माती चिकटली होती, अजून ओलसर. चांदी नेलेल्या पाटीत ओली माती कशाला, हे तेव्हा मला सुचलं नाही.

मावशींना नोटीस देऊन चौकशीला बोलावलं. महिला म्हणून त्यांना विचारायचं काम माझ्याकडे आलं. मी फार बोलत नाही आणि त्याही बोलेनात. किल्ली कोणाला दिली, पाटीत काय होतं, सगळं विचारून झालं. आमच्या साहेबांचं मत पक्कं झालं होतं. "किल्ली हिच्याकडं, पाटी हिच्या डोक्यावर. अजून काय पाहिजे? उद्या सकाळी अटक दाखवा."

मी ते मावशींना सांगितलं.

"करायची तर करा, मॅडम. पर गाडी वस्तीवरून नेऊ नका. सुनेचे माहेरचे रस्त्यालाच राह्यतेत."

मग दिवेलागणीला त्या अचानक उठल्या. "जरा जाऊन येऊ का? दिव्यातलं तेल सरलं असंन."

आमच्याही घरी घट बसत नाहीत. लहानपणी शेजारच्या काकूंकडे मी ते बघायला जायचे, आणि काकू नऊ दिवस त्या दिव्याच्या तेलासाठी कशा जीव टाकायच्या ते मला आठवलं. साधी सांजवात सूनही लावते. तेल सरण्याची धास्ती अखंड दिव्यालाच असते आणि तो असतो घटापाशी.

"तुमच्या घरी घट नाहीत," मी म्हणाले. "मग दिवा कोणाचा?"

मावशी पदर सावरत दाराशी गेल्या. मी त्यांना जाऊ दिलं, स्टेशन डायरीत नोंद केली आणि महिला शिपायाला घेऊन मागोमाग निघाले. त्या वस्तीकडे वळल्याच नाहीत. राजवाड्याच्या मागच्या दारातून आत गेल्या.

आईसाहेबांच्या आतल्या खोलीत घट बसला होता. काळ्या मातीत गव्हाचे कोंब वर आले होते आणि मागे मुखवटा. पाटीतून काही बाहेर गेलंच नव्हतं, शेतातली माती आत आली होती. मावशी समईत तेल घालत होत्या. आईसाहेबांचे हात कापत, त्यांना ते जमत नव्हतं.

"हॉटेलात अखंड दिवा चालत नाही. धुराची घंटा वाजते म्हणे," आईसाहेब म्हणाल्या. "देवीला नवरात्रात अंधारात ठेवू? हिच्याकडून कुलूप उघडवून मीच मुखवटा इथं आणला. आपल्या देवीची कसली चोरी?"

"मावशींना उद्या अटक होणार होती. आळ त्यांच्यावर आलाय, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. चौकशी करून सोडतील, असं वाटलं."

मी मावशींकडे वळले. "तुम्ही तरी बोलायचं."

"घटापुढं शब्द दिल्ता, मॅडम."

आईसाहेबांचा जबाब पुन्हा घेतला. दसऱ्यापर्यंत मुखवटा तिथंच राहू द्यायला मॅनेजर तयार झाले. गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल पुढे न्यायालयात गेला.

आम्ही निघालो तेव्हा आईसाहेब सवयीनं म्हणाल्या, "सकाळी लवकर ये गं. माळ बांधायची आहे."

मावशी उंबऱ्यात थांबल्या. "आता तुमची तुम्ही बांधा, आईसाहेब," म्हणाल्या, आणि चपला घालून वस्तीच्या वाटेला लागल्या.

त्यानंतर चौकशीत गप्प बसणारं माणूस समोर आलं, की ते काय लपवतंय हे विचारण्याआधी ते कोणाला झाकतंय हे मी पाहायला लागले. आणि ज्याला झाकलं जातंय, त्याला ते ठाऊक आहे का, हेही. बहुतेक वेळा ठाऊक असतं.