दुसरं आमेन

आमच्या घरात प्रार्थना करणाऱ्याने स्वतः आमेन म्हणायचं नाही, असा नियम होता. तो कुठल्या शास्त्रातला नाही, बाबांचा होता. बाबा दिग्रसला शाळेत मास्तर होते आणि रविवारी आमच्या लहानशा चर्चमध्ये उपासना चालवायचे. अर्ज करणाऱ्यानेच मंजुरीची सही करायची नसते, असं त्यांचं म्हणणं. जेवणाआधी ते हात जोडून दोन-चार वाक्यं बोलत, आई ओट्यापासून आमेन म्हणे, मग ताटाला हात लागे. आईला यायला उशीर झाला तर वरण गार व्हायचं, पण बाबा घास घेत नसत.

भिंतीवर काळी टोपी घातलेल्या एका जाड गोऱ्या माणसाचं चित्र होतं. पाचशे वर्षांपूर्वीचा जर्मन धर्मसुधारक. भांडी घासायला नव्याने आलेल्या बाईने एका दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला, आमचा आजा समजून. बाबांनी तो काढला नाही. आजाच तर हाये, म्हणाले.

या आजाचं म्हणणं बाबा आपल्या भाषेत सांगायचे. अक्कल ही देवाचीच देणगी. शेतात, बाजारात, दवाखान्यात ती न्यावीच, नाही नेली तर माणूस मूर्ख. पण देवापुढे उभं राहताना तिला चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवायची. प्रार्थनेत शब्द थोडे हवेत. आणि आमेन म्हणजे नुसता शेवटचा शब्द नाही, ऐकलं गेलं याची खात्री आहे. मनात शंका ठेवून म्हटलेलं आमेन पोकळ.

मी पदार्थविज्ञान शिकवते. चपला बाहेर काढायला सांगितलेलं मला कधीच आवडलं नाही. मी वाद घालायची. तुमच्या याच आजाने भर सभेत सांगितलं ना, पवित्र शास्त्राने नाहीतर तर्काने मला पटवा म्हणून? मग त्यालाही तर्क लागत होताच की. बाबा हसायचे. तो माणसांसमोर बोलला, म्हणायचे, देवासमोर नाही. मला राग यायचा, कारण उत्तर चांगलं होतं.

सात वर्षांपूर्वी आई यवतमाळला दवाखान्यात होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. संध्याकाळी बाबांनी खाटेपाशी हात जोडले आणि म्हणाले, प्रभू, हिले उठव. मग थांबले. आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, म्हणजे आमेन माझ्याकडे आलं. रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. शंका असताना म्हटलेलं पोकळ, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. मी म्हटलं नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. सकाळी ती गेली.

बाबांनी मला त्याबद्दल कधी एक शब्दही विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

गेल्या दिवाळीनंतर बाबा न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. आई गेल्यापासून मी घटकाभर येऊन परतायची, जेवायला कधी थांबले नव्हते; आता रजा घेऊन दिग्रसला राहायला आले. पहिल्याच दिवशी दिवेलागणीला ताट वाढलं, भाकर आणि तुरीचं वरण. बाबांनी हात जोडले. अन्नाबद्दल आभार मानले, आणि शेवटी म्हणाले, हिले मोकळी कर. मी समजले, हे माझ्याबद्दल आहे. सवयीने गप्प राहिले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आमेन आलं. खणखणीत, बाईच्या आवाजात. आणि त्याच्या मागोमाग, अगदी हळू, आणखी एक.

बाबांनी ताट ओढून घेतलं आणि जेवू लागले, जसं काही रोजचंच आहे.

आमची आणि शेजारची भिंत एकच आहे. वर छपराच्या टिनापर्यंत ती पोचत नाही, वीतभर फट आहे. तिकडच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजू शकतो. पहिला आवाज शेजारच्या मावशींचा, हे मी लगेच ओळखलं. दुसरा प्रतिध्वनी असेल, असं स्वतःला सांगितलं. पण वर्गात मीच शिकवते की प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरची भिंत निदान सतरा मीटर लांब लागते. आमची खोली बारा फुटांची. दुपारी बाबा झोपलेले असताना मी टाळ्या वाजवून पाहिल्या, एकदा मोठ्याने आमेनसुद्धा म्हटलं. काहीच परत आलं नाही. संध्याकाळी पुन्हा दोन आले. तिसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी दोन. दुसऱ्याची दिशा कळत नसे. ते फटीतून येत नव्हतं, एवढं मात्र नक्की.

पाचव्या दिवशी मावशी दुधाचं भांडं परत द्यायला आल्या. त्यांच्या सासऱ्यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात देव नाही. मी सरळ विचारलं, तुम्ही आमेन कायले म्हणता?

"आमचा तं देवच नाही, बाई," त्या म्हणाल्या. "पण तुमची आई गेली अन् मास्तर ताटापुढं नुसते बसून राह्यचे. कोणी म्हणेच ना. दोन दिस मी आयकलं, तिसऱ्या दिशी म्हणून टाकलं. मानूस जेवला पायजे."

मला लाज वाटली. ज्या बाईचा देवावर विश्वास नाही तिने सात वर्षं सही केली होती, आणि माझे बाबा त्या सहीवर जेवत होते. तिच्या त्या आमेनमध्ये शंका नव्हती, मानूस जेवला पायजे याची पुरी खात्री होती. आजाने याला काय म्हटलं असतं, मला माहीत नाही.

जाताना मावशी दारात थांबल्या. लेकीचं बाळंतपण आहे, उद्या उमरखेडला जाते, म्हणाल्या. मास्तरांच्या गोळ्या जेवणानंतरच्या आहेत, तेव्हा आमेनचं तेवढं सांभाळा.

"तसं तुमी म्हणताच ना," त्या म्हणाल्या. "दुसरं आमेन तुमचंच. आवाज तं डिट्टो आईचा हाये तुमचा."

मी म्हणत नव्हते. हे मी त्यांना सांगू शकले नाही. माझा आवाज आईसारखा आहे हे खरं. फोनवर नातेवाईक फसायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीमागच्या कापसाच्या जिनिंगचा आवाज बंद झाला तशी गल्ली शांत झाली. पलीकडे कुलूप होतं. बाबांनी हात जोडले, आभार मानले, म्हणाले, हिले मोकळी कर. आणि थांबले. मी त्या हळू आवाजाची वाट पाहत होते. काहीच आलं नाही. गोळ्यांची पट्टी ताटाजवळ होती. बाबा जोडलेले हात काही सोडेनात. खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि तरी कोणीतरी माझ्याकडे बराच वेळ पाहत आहे असं वाटत होतं. ते पाहणं माझ्या ओळखीचं होतं.

मी अक्कल बाहेर ठेवली वगैरे काही नाही. ती माझ्याजवळच होती आणि घाबरलेली होती. बाबांनी जेवावं, एवढंच मला मनापासून हवं होतं.

"आमेन," मी म्हटलं.

आवाज आईचा निघाला. मी कान देऊन बसले. मागून दुसरं आलं नाही.

बाबांनी डोळे उघडले. रडून झाल्यासारखे होते.

"आज एकच आलं, माय," ते म्हणाले, आणि भाकर मोडली.

आठ दिवसांनी मावशी परतल्या. आता संध्याकाळी पुन्हा दोन आमेन होतात, एक त्यांचं, एक माझं. हळू आवाजातलं ते पुन्हा कधी आलं नाही. हिले म्हणजे कोणाले, मला की आईला, हे मी बाबांना विचारलेलं नाही. अर्ज सात वर्षं पडून होता, आणि सही माझीच हवी होती.