घरातली एकटी मतदार

लग्नानंतर पुण्यात मी दोनदा मत दिलं, दोन्ही वेळा सासऱ्यांनी सांगितलेल्या चिन्हावर. आदल्या संध्याकाळी चहा घेता घेता ते चिन्ह सांगत आणि आम्ही सगळे माना डोलवत असू. घराचं मत एकच. मीही कधी हूं की चूं केलं नाही, याचा आता राग येतो.

सिंगापूरला येऊन आम्हाला अठरा वर्षं झाली. काही वर्षांपूर्वी मी इथलं नागरिकत्व घेतलं आणि यंदा इथे पहिल्यांदाच मत द्यायचं होतं. नवऱ्याच्याने भारताचा पासपोर्ट सोडवेना. त्यामुळे बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये मतदार मी एकटीच, आणि राजकारणाचं वेड मात्र त्याला! इथल्या एकेका उमेदवाराची कुंडली त्याला पाठ. मतदानाच्या आदल्या दिवशी इथे प्रचाराला बंदी असते. आमच्या घरात तो जेवणापर्यंत चालू होता. शेवटी त्याने चिन्ह सांगितलं, अगदी वडिलांच्या सुरात. मी सवयीने मान डोलावली.

सकाळी तो मतदान केंद्र असलेल्या शाळेपर्यंत सोडायला आला आणि फाटकाबाहेर थांबला. आत रांगेत उभी असताना मी ठरवलं, या खेपेला माझं मी बघेन. टेबलामागच्या चिनी बाईंनी माझं नाव आणि नंबर मोठ्याने वाचला. लगेच मी डावा हात पुढे केला, पहिलं बोट ताठ करून. बाई क्षणभर गोंधळल्या, मग त्यांनी तो हात हातात घेऊन हलवला आणि हसून मतपत्रिका दिली. इथे शाई लावत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. आडोशाला जाऊन मी फुलीचा शिक्का मारला. त्याने सांगितलेल्या चिन्हावर नाही.

बाहेर आल्याबरोबर त्याने बोट बघायला मागितलं; पुण्याच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता. कोरं बोट पाहून तो हिरमुसला. मग म्हणाला, "आपलं मत बरोबर पडलं ना?"

"माझं पडलं," मी म्हणाले. "तुझं अजून तुझ्यापाशीच आहे."

मग आम्ही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी घ्यायला बसलो. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. शेजारच्या टेबलावर मतदानाच्याच गप्पा चालल्या होत्या. एरवी खुर्ची सरकवून तो त्यांच्यात जाऊन बसला असता. आज त्याने माझं बोट पुन्हा हातात घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"अठरा वर्षं झाली इथे," तो म्हणाला. "आत काय काय असतं, सांग तरी."

चिन्ह सोडून मी त्याला सगळं सांगितलं.